देठाकडून हुंगायचं

४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बाजारातला फळांचा गाळा सोडून तुम्ही घरी बसलात त्याला सहा महिने होत आले. गुडघे काय म्हणतात? मामी लिहिते की तुम्ही दिवसभर पेपर वाचता आणि तिच्या भाजी चिरण्यात खोड्या काढता. म्हणजे प्रकृती उत्तम आहे, असं मी धरून चालते.

माझं मात्र काही खरं नाही. बालवर्गात बावीस मुलं आहेत, सगळी चार-साडेचार वर्षांची. परवा 'फळं' हा विषय घेतला. शाळेच्या कपाटात प्लास्टिकची फळं आहेत, ती मी हौसेने पुसून टोपलीत मांडली आणि मुलांना सांगितलं की हात लावा, वास घ्या, ओळखा. सगळी टोपली फिरून आली. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, जीभ तिखट म्हणून तिला सगळे मिरची म्हणतात. तिने उभं राहून जाहीर केलं की सगळ्या फळांना बादलीचा वास येतो. मग खात्री करायला तिने टोपलीतली पेर, म्हणजे नासपती, चावून बघितली. त्या पेरवर आता तिचे चार दात कायमचे उमटले आहेत.

मामा, मला अक्षरशः लाज वाटली. तुमच्या गाळ्यावर पेट्यांच्या मागे बसून मी लहानाची मोठी झाले, आणि मी मुलांना बादलीचा वास देते! आता खरी फळं आणून शिकवायचं ठरवलंय. पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. चाळीस वर्षं तुम्ही जे हाताने केलंत ते कागदावर उतरवून पाठवा. आळस करू नका.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रोत्तरातून दिसावा.

तुमची,
भिंगरी

---

९ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसलो, मग चिडलो. फळवाल्याची भाची आणि प्लास्टिक! ते सगळं गोणीत भर आणि माळ्यावर टाक. चावलेली पेर तेवढी ठेव. त्या पोरीचा दाखला म्हणून उपयोगी पडेल.

आता नीट वाच. गिऱ्हाईक फळ डोळ्यांनी घेतं, व्यापारी घेत नाही. आपल्या धंद्यात आधी हात, मग कान, मग नाक, आणि डोळा सगळ्यात शेवटी. मुलांनाही त्याच क्रमाने ने. एक जाड कापडी पिशवी शीव. आत एकच फळ ठेव. मुलाने न बघता हात घालायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. नाव सांगायचं नाही. नाव सांगायची घाई झाली की हात काम करायचा थांबतो, हे मी मोठमोठ्या खरेदीदारांत पाहिलंय.

मग कान. खरबूज टिचकी मारून ऐकायचं. डाळिंब कानाजवळ धरून दाबायचं. पाण्याची बादली ठेव, त्यात सालीसकट संत्रं सोड, तरंगेल. मग तेच सोलून सोड, बुडेल. कारण लगेच सांगू नकोस, दोन दिवस भांडू दे त्यांना.

मग नाक. फळ कायम देठाकडून हुंगायचं. पोटाकडून हुंगणारा फसतो. पिकायला लागलेल्या खरबुजाचा देठाकडचा वास आधी काकडीसारखा असतो, मग मधासारखा होतो, आणि एक दिवस त्याला आंबूस झाक येते. साल तेव्हाही टणक आणि देखणीच असते. त्या दिवशी फक्त नाक खरं बोलतं. हे लिहितानासुद्धा तो वास माझ्यासमोर उभा राहिला बघ.

मुलांना माझे अनेक आशीर्वाद, आणि तुला थोडे जास्त.

तुझा,
मामा

ता. क. मी मामी लिहितेय. काल दूध उतू जाऊन पार करपलं. वास जिन्यापर्यंत गेला, वरची शेजारीण धावत खाली आली. आणि हे शेगडीपासून हातभर अंतरावर बसून तुला हे पत्र लिहीत होते. तुझ्या शाळेने माझं एक पातेलं खाल्लं, एवढं लक्षात ठेव.

---

२४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीच्या पातेल्याची मी माफी मागते. पण पिशवीने कमाल केली! पहिल्या दिवशी एका मुलाने आत हात घातला आणि सांगितलं की आत कोणीतरी थंड आहे आणि त्याला बेंबी आहे. ते सफरचंद होतं. संत्र्यावरून तर वर्गात तीन दिवस दोन पक्ष होते. एक म्हणे सालीने त्याला अंगरखा घातलाय म्हणून गार लागत नाही आणि ते वर राहतं. दुसरा म्हणे सोलल्यावर लाजून खाली जातं. शेवटी मिरचीने साल पाण्यात दाबून धरली, त्यातून बारीक बुडबुडे आले, आणि लाजणाऱ्या पक्षाने हार पत्करली. बोथट सुऱ्यांनी केळी कापतात, अर्ध्या सफरचंदाला रंग लावून कागदावर ठसे उमटवतात, आणि मधली चांदणी दिसली की प्रत्येक वेळी नव्याने ओरडतात.

हुंगायला तर आता कोणाला सांगावं लागत नाही. सगळी देठाकडून हुंगतात. डबेसुद्धा.

आता वाईट बातमी. आमच्या मोठ्या बाईंना हे मुळीच पसंत नाही. जमीन चिकट होते, मुंग्या होतात, एका आईने फ्रॉकवरच्या डागाबद्दल तक्रार केलीय, आणि एका वडिलांनी ही शाळा आहे की बाजार असं विचारलं. १८ ऑगस्टला संस्थेचे निरीक्षक येणार आहेत. त्यांना नाही आवडलं तर सप्टेंबरपासून बालवर्गात तक्ता आणि छापील कागद. वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाईल आणि मला कचेरीत रजिस्टरं लिहायला बसवतील. माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा गुन्हा.

मामा, मला हा वर्ग सोडायचा नाही. इतकी वर्षं शिकवतेय, पण मुलं माझ्या आधी वर्गात येऊन बसायला लागली ती या महिन्यातच. तुम्ही १८ तारखेला या. तुमच्यासमोर त्या निरीक्षकांचं काही चालणार नाही. मिरची रोज विचारते की हुंगायला शिकवणारे आजोबा कधी येणार. काय सांगू तिला?

वाट पाहते. नकार सोडून काहीही लिहा, सगळं गोड मानून घेईन.

तुमची,
भिंगरी

---

३१ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

नकार सोडून काहीही लिहा म्हणालीस, म्हणून गुडघ्यांबद्दल लिहितो. प्रवास झेपणार नाही. तुझी मामी म्हणते की काल मी खुर्चीवर चढून माळ्यावरची वळकटी काढली, पण तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि वर्गात येऊन मी करणार काय? मला जे येत होतं ते लिहून पाठवलंय. आता ते तुझ्याकडे आणि पोरांकडे आहे.

हातपाय गाळू नकोस. कचेरीत बसायला तू जन्मली नाहीस, तिथे तुला तास-दोन तासात पेंग येईल. निरीक्षक आले की त्यांना काही समजावून सांगत बसू नकोस. फळं मध्ये ठेव आणि मुलांना मोकळं सोड. चांगला माल ओरडून विकावा लागत नाही.

येणार नसलो तरी हात रिकामे ठेवणार नाही. निरीक्षकांना भेट द्यायला एक करंडी पाठवतो. माझा गाळा आता शेजारचा केळीवाला चालवतो. त्याच्याकडे जाऊन एकेक फळ मी स्वतः निवडीन, स्वतः भरीन. चाळीस वर्षांत माझ्या हातून नासकं फळ करंडीत गेलेलं नाही, हे तुला माहीत आहे. १७ तारखेला संध्याकाळी तुला पोचेल.

मिरचीला सांग, आजोबांचे गुडघे कच्चे आहेत, पिकले की येतील.

लोभ कमी करू नये, राग आला तर लिहून कळवावा.

तुझा,
मामा

---

१८ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! मामा, आपण जिंकलो! घाईघाईने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर बरंच आहे, कचेरीची भीती कायमची गेली.

सुरुवात वाईट झाली. निरीक्षकांनी आल्या आल्या तक्ता मागवला आणि मुलांना फळांची नावं विचारली. तक्त्यावर लिंबू आणि खरबूज एकाच मापाचं छापलंय. मिरची म्हणाली की हे हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. मग बाकीच्यांनीही तोंड उघडायचं नाकारलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कचेरीतली रजिस्टरं दिसायला लागली.

शेवटी वेळ सावरायला बाईंनी खूण केली, की करंडी देऊन मोकळे व्हा. मिरची आणि तिची मैत्रीण ती उचलून निघाल्या. चार पावलांवर मिरची थांबली. करंडी जमिनीवर ठेवली, नाक आत खुपसलं, आणि निरीक्षकांना सांगितलं की ही घेऊ नका, यातलं एक गेलंय.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई रागावल्या. पण निरीक्षक हट्टी निघाले, त्यांनी विचारलं कोणतं. मग बावीसच्या बावीस मुलं गोल बसली. मी काही बोलले नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं. एकेक फळ हातोहात फिरलं. दाबलं, कानाला लावलं, देठाकडून हुंगलं, आणि ठीक आहे असं ठरलं की डावीकडे ठेवलं. शेवटी उजवीकडे एकटं खरबूज उरलं. निरीक्षकांनी ते उचललं, ठोकलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाले की हे तर सगळ्यात छान आहे. मिरचीने त्यांना देठाची बाजू दाखवली आणि नाक जवळ न्या म्हणून सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. मग सुरी मागवली. कापलं तर आत सगळं पाणी झालेलं, आणि असा आंबूस भपकारा आला की बाईंनी पदर नाकाला लावला.

निरीक्षकांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले की तीस वर्षं ते स्वतः खरबूज आणतात आणि दर वेळी घरी बोलणी खातात. ते चक्क मिरचीशेजारी जमिनीवर बसले आणि तिच्याकडून हुंगायला शिकले. जाताना लेखी शेरा देऊन गेले की फळांचा तास राहील, वर्ग माझ्याकडेच राहील, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन वर्गांनाही हा तास मी घ्यायचा. तक्रार करणारे ते वडील संध्याकाळी भेटायला आले आणि पपई कशी निवडायची ते विचारून गेले.

एक गोष्ट मात्र लिहू की नको असं होतंय. मिरचीने विचारलं की आजोबांनी ते खरबूज मुद्दाम ठेवलं होतं ना, आमची परीक्षा घ्यायला? मी हो म्हणाले. खरंच मुद्दाम ठेवलं होतंत ना, मामा?

मामीला साष्टांग नमस्कार. आनंदात तुमचा वाटा निम्म्याहून मोठा आहे, तो घ्यावा.

तुमची,
भिंगरी

---

२३ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मामी रडली. मी म्हटलं रडतेस काय, तर म्हणाली तुम्हीच आधी सुरुवात केलीत.

नाही ग, मुद्दाम नव्हतं ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात मला मोठा ताप आला होता, आठवतं? ताप उतरला तेव्हा वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले येईल किंवा नाही येणार. दोन महिने कळू न देता गाळ्यावर बसलो. मग एक दिवस जुन्या गिऱ्हाइकाने फळ परत आणलं, पैसे न मागता ठेवून गेला. त्या संध्याकाळी मी गाळ्याची किल्ली केळीवाल्याला दिली आणि सगळ्यांना गुडघे सांगितले. तुझ्या मामीलासुद्धा. फळवाल्याचं नाक गेलं हे सांगायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही.

तुझं पत्र आलं आणि मी आठवून आठवून लिहायला लागलो. लिहिताना तेवढा वेळ वास येतोय असं वाटायचं. करंडी भरताना खरबूज सवयीने देठाकडून हुंगलं, काही आलं नाही, आणि हाताला टणक लागलं म्हणून ठेवून दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून नासकं फळ करंडीत गेलं, आणि ते मी शिकवलेल्या पोरांनी पकडलं. भिंगरे, मला वाईट वाटायला हवं होतं. पण कालपासून मी घरभर छाती काढून फिरतोय.

मिरचीला खरं सांग. आजोबांनी परीक्षा घेतली नाही, आजोबा फसले. आणि विचार तिला, असा फळवाला वर्गात चालेल का.

उत्तराची वाट पाहतो. आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी त्यात माझी थोडी विनंतीही आहे.

तुझा,
मामा

---

२७ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आधी खूप रडले, मग वर्गात गेले आणि मुलांना सगळं खरं सांगितलं. मोठी चर्चा झाली. मिरचीने निर्णय दिला, तो तिच्याच सांगण्याप्रमाणे लिहिते. आजोबांनी मंगळवारी यावं. हात आजोबांचे, कान आजोबांचे, हुंगायचं काम ती करील. तिला सर्दी झाली तर बाकी एकवीस जणं आहेत. मात्र संत्री सगळ्यांची आजोबांनीच सोलायची.

ती चावलेली पेर मी कपाटातून काढून टेबलावर ठेवलीय. मंगळवारी तिच्या शेजारी तुमची खुर्ची असेल. पहिल्या गाडीने निघा, आणि गुडघ्यांचं नाव काढू नका.

तुमची,
भिंगरी