आईच्या खोलीतलं पाणी

चेन्नई, मे

दादा,

आईला माझ्याकडे पाठवायची तुझी घाई समजते. आधी तिकीट काढायचं आणि मग बहिणीला विचारायचं, ही तुझी रीतच आहे.

माझी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी इरा शहरातल्या बुजवलेल्या तळ्यांवर प्रकल्प करते आहे. आमची इमारत अशाच तळ्यावर उभी, म्हणून पाण्याची पातळी मोजायचं यंत्र तिने माझ्या तळमजल्यावरच्या घरात, आईसाठी आवरलेल्या खोलीत ठेवलं. फरशी कोरडीठाक. यंत्र दाखवतंय, कमरेइतकं पाणी!

"यंत्र बदल," मी सवयीने झापलं. दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

"मॅडम, पाली बघा ना," ती हळूच म्हणाली. चारही भिंतींवर पाली कमरेच्या वर दाटल्या होत्या. खाली एकही नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "कीर्ती, तुझ्याकडे एवढे बेडूक कसले गं ओरडतायत?"

इराला आणि मला फक्त पंखा ऐकू येत होता.

हे वाचून तू हसशील आणि आईला गाडीत बसवशील. म्हणून हे पत्र फाडते आणि फोनवर सांगते, मला आई नकोय. ते तू लगेच खरं मानशील.

तुझी माणूसघाणी बहीण,
कीर्ती