पोथीतली खूण

धुळे, ता. २३ सप्टेंबर १९५८

ती. नानांस पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक म्हणावे, तर कानांना दडे बसलेत आणि तीन दिवस ताप येतो-जातो. काकूंना सांगू नका, नाहीतर काढ्याची बाटली घेऊन पहिल्या एस.टी.ने धुळ्यात उतरतील.

रविवारी सकाळी आपल्या शिवारातल्या कापसावर औषध फवारायला विमान आणायचे ठरले आहे. माझ्याखेरीज चालवणारा कोणी नाही. डॉक्टर विश्रांती सांगतात. पण सकाळी ताप नसतो, डोके मला तरी साफ वाटते. बोंडअळी काही माझ्यासाठी थांबणार नाही. साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला, मी तुमच्यावर सोडतो.

माया आहेच, ती राहू द्यावी.

आपला पितांबर

पिंपळवाडे, ता. चोपडा, २५ सप्टेंबर

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद.

काकूला कळले. माझ्या तोंडावर सगळे वाचता येते, असे ती म्हणते. काढा निघाला आहे.

बाबा रे, मी जन्मात मचाणापेक्षा उंच चढलो नाही, तुला काय सांगू? पण एक गोष्ट कोणाला बोललो नाही. गेल्या चातुर्मासात अंगात ताप असता पोथीला बसलो. काकू नको म्हणत होती. मला वाटले, आज आवाज काय सुरेख लागला आहे! दुसऱ्या दिवशी पाहतो तो खुणेचे मोरपीस भलत्याच पानात. मधला अख्खा अध्याय मी गाळला होता. ऐकणारे भिडेपोटी गप्प बसले. देवाने पदरात घेतले. आकाश घेते का, ते तुला ठाऊक.

तेव्हापासून अंग तापले की बसायचे की नाही, ते काकू ठरवते. तूही स्वतःला विचारू नकोस. तुझी भीड न धरणारा माणूस शोध. आपले चार बिघे त्याच शिवारात आहेत, म्हणून जीव ओढून येऊ नकोस. कापूस पुढल्या वर्षीही पेरता येतो.

आमचा जीव तुझ्यापाशी आहे, एवढे ध्यानात असावे.

तुझा नाना

धुळे, ता. २८ सप्टेंबर, रविवार

ती. नानांस सा. न.

आज पहाटे ताप नव्हता. तरी आमचे मिस्त्री हिलालभाऊ यांना म्हटले की, इंजिन सुरू करत नाही, फक्त माझी तयारी बघा. विमानात बसून एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत तपासली. सगळे बरोबर, म्हणून हसलो. हिलालभाऊंनी पेट्रोलच्या चावीवर बोट ठेवले. ती बंद होती. ती उघडली, असे मी मोठ्याने म्हणालोही होतो.

मी खाली उतरलो. गाव वाट पाहत असेल, क्षमा मागा. काढा फार कडू आहे, पण पितो.

आपला पितांबर

पिंपळवाडे, ता. ३ ऑक्टोबर

चि. पितांबर यास आशीर्वाद.

रविवारी सारा गाव बांधावर दुपारपर्यंत उभा होता. विमान दिसेना तेव्हा शेजारच्या झुलालने सगळ्यांदेखत विचारले की, पोऱ्या इमान सोडीसन बैलगाडीवर निंघना का? मी म्हटले, येईल, बरा होऊन येईल. तुझे पत्र आले तेव्हा काकूने ते दोनदा वाचायला लावले आणि देवापुढे ठेवले. कडेची बोंडे गेली. बाकीचे शेत उभे आहे.

आज सकाळी पोथी निम्म्यावर आली असता आभाळातून आवाज आला. ऐकणारे सगळे बाहेर पळाले, सर्वांपुढे झुलाल. तू इतका खाली आलास की काकूला तुझे तोंड दिसले म्हणे. ताप नाही, असे तिने खालूनच सांगितले.

मीही उठलो. पण आधी मोरपीस नीट पानात घातले.

असाच येत जा.

तुझा नाना