सिग्नल कापायचा नाही

ता. ४ जानेवारी

चि. कात्रीबाई हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू इंटरनेटवर चढवलेला माझा पहिला व्हिडिओ पाहिला. आवाज स्वच्छ आलाय. माझा चेहरा कुठेच नाही, नुसती कॉम्प्युटरच्या खेळातली बस आणि रस्ता, हेही उत्तम. पण तू तीन सिग्नल कापलेस. मी लाल दिव्याला रीतसर थांबलो होतो, गाडी न्यूट्रलला टाकून, हात मांडीवर ठेवून. तू ते थांबणं काढून टाकलंस. आता बघणाऱ्याला काय दिसतं, तर लाल दिवा लागला आणि मामा पुढच्या चौकात. म्हणजे मी सिग्नल तोडला. उभी नोकरी शहराची बस चालवण्यात गेली, एकदाही तोडला नाही, आणि निवृत्त झाल्यावर सख्ख्या भाचीने तोडायला लावला.

तेव्हा नियम असा. काय हवं ते काप, सिग्नल कापायचा नाही. खांबाला वगैरे घासलेलं मात्र बिनदिक्कत काप. खेळातल्या बसचा अंदाज यायला वेळ लागतो, पण लोकांना ते कसं कळणार? ज्यांची मुलं मी सकाळी व्हॅनने शाळेत सोडतो ते आईबापही बघतात म्हणे. त्यांच्यापुढे शोभा नको.

नवीन रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय. इथल्या इंटरनेटवरून धाडलं तर पोहोचेपर्यंत तूही निवृत्त होशील. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन तुझी मामी घेते आणि परत देत नाही. तू भेट दिलेलं खेळाचं स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलंय, त्यामुळे आम्ही हल्ली ताट मांडीवर घेऊन जेवतो. मामी त्यावर तुला वेगळं लिहिणार आहे. तयारीत राहा.

लोभ मात्र कापू नये.

तुझा
मामा


ता. १५ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चुकलं. मी स्टुडिओत दिवसभर लोकांच्या लग्नांतून रुसलेल्या आत्या आणि जांभया देणारे नवरे कापत असते. हात सवयीने चालला. तुझे तिन्ही सिग्नल सन्मानाने परत बसवले आणि व्हिडिओ पुन्हा चढवला.

लाल दिवा, इंजिनाची घरघर आणि त्यात तू एक शब्द बोलत नाहीस, असलं कोण बघणार असं मी म्हणाले होते. ते शब्द गिळते. लोक नेमकं तेच बघतात. एकाने लिहिलंय की तो तुझ्या सिग्नलला चहा पितो. एक बाई म्हणते, दिवसभर सगळे तिच्या अंगावर धावून येतात, संध्याकाळी कुणीतरी थांबलेला माणूस बघितला की बरं वाटतं. आणखी एकाने काका हिरवा झाला, निघा, असं लिहून तुला हॉर्न दिलाय. आई तर सगळ्या जगाला सांगत सुटलीय की तो आपला धाकटा भाऊ आहे.

घासलेलं सगळं काढलं. पण मामा, जरा जास्तच घासतोस हं. दोन खांब, एक बाक, आणि एका थांब्यावर पिशवी घेऊन आलेली बाई. तिला तशीच सोडून निघालास. ती हात हलवत राहिली, म्हणून तिलाही कापावं लागलं. एरवी तू धावत येणाऱ्यासाठीसुद्धा बस उभी करायचास म्हणे.

मामीला नमस्कार. टेबलाचं पत्र अजून आलं नाही, म्हणून धाकधूक आहे. तुम्हा दोघांचा जीव माझ्यावर आहे तसाच राहावा.

तुझी
कात्री


ता. २ फेब्रुवारी

चि. कात्रीबाईस अनेक आशीर्वाद.

कालच शाळेच्या फाटकात एका मुलीच्या वडिलांनी मला थांबवून हात मिळवला. म्हणाले, तुमचे व्हिडिओ बघून आम्ही निर्धास्त झालो, मुलगी चांगल्या हातांत आहे. मी वरवर, त्यात काय एवढं, म्हणालो. घरी येईपर्यंत छाती टायरसारखी फुगली होती, तुझ्यापासून काय लपवायचं.

आता एक तक्रार. स्टीअरिंग वाकडं आलंय. नाचता येईना अंगण वाकडं असं तू म्हणणारच, पण हे अंगण खरंच वाकडं आहे. मी सरळ जात असतो, समोर रस्ता मोकळा, आणि धाड करून आवाज होतो आणि खेळ माझे गुण कमी करतो. धडकलो कशाला, तर कशालाच नाही. मी स्क्रू सैल करून पाहिले, आवळून पाहिले. टेबल हललं, आवाज तसाच. मग खेळच नालायक असं ठरवून झोपलो.

घरात दुसरी कटकट. मी ताट चाटूनपुसून उठतो आणि मामी म्हणते कोशिंबीर तशीच ठेवलीत. तिला वाटतं तिच्या हाताची चव मला आवडेनाशी झाली. तीन दिवस बोलली नाही. मग बोलली, ते आणखी वाईट होतं. त्यात व्हॅनचा डावा आरसा कुणीतरी मोडून ठेवला. उभ्या गाडीला धडकला असणार, आणि सांगायची सभ्यता नाही. दुनियेला गाडी चालवता येत नाही हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. नेहमीप्रमाणे साफसूफ करावी आणि मामावर माया असू द्यावी.

मामा


ता. ११ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

हे पत्र चेष्टेचं नाही, तेव्हा नीट बसून वाच.

तुझ्या व्हिडिओतून कापलेले तुकडे मी फेकत नाही, बाजूला ठेवते. स्टुडिओची शिस्त आहे. कापलेल्या आत्या नंतर भांडायला येतात आणि परत बसवाव्या लागतात. परवा ते तुकडे सहज ओळीने पाहिले. खांब, बाक, पिशवीवाली बाई, सायकली, हातगाडी. सगळं डावीकडचं. उजवीकडे तू एकदाही चुकलेला नाहीस, साधा ओरखडा नाही. आणि स्टीअरिंग वाकडं असतं तर बस डावीकडे ओढली गेली असती. ती ओढली जात नाही, सुतासारखी सरळ जाते. डावीकडून कुणी आलं की तू थांबत नाहीस, एवढंच.

व्हॅनचा आरसाही डावाच होता ना? आणि मुलं व्हॅनमध्ये कुठल्या बाजूने चढतात?

डोळे तपासून घे. मला खरंच भीती वाटतेय. चूक निघाले तर मला आयुष्यभर चिडव, मी ऐकून घेईन. पण तपासून घे.

तुझी
कात्री


ता. १९ फेब्रुवारी

चि. सौ. डॉक्टरीणबाईंस,

तुझ्या समाधानासाठी चष्म्याच्या दुकानात गेलो. समोर अक्षरांचा तक्ता होता. शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचं नाव बारीक छापलं होतं, तेही वाचलं. दुकानदार म्हणाला, या वयात असे डोळे त्याने पाहिले नाहीत. त्याला मला काही विकता आलं नाही, म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.

तेव्हा हा विषय संपला. लग्नाच्या व्हिडिओबद्दल मी तुला शिकवत नाही, गाडीबद्दल तू मला शिकवू नकोस. राग नाही. थोडा आहे.

लोभ तूर्त जेमतेम.

मामा


ता. २४ फेब्रुवारी

ती. मामास सा. न.

फोन केला, तर डोळे उत्तम आहेत असं म्हणून तू तो मामीच्या हातात दिलास. म्हणून पुन्हा पत्र.

तू कापायला सांगितलंस आणि मी इतक्या सफाईने कापलं की तुझी धडक तुलाच कधी बघायला मिळाली नाही. म्हणून ते सगळे तुकडे जोडून एक व्हिडिओ केलाय. तो कुठे चढवलेला नाही, फक्त या पेन ड्राइव्हवर आहे. मामीला शेजारी बसवून बघ. एकटा बघू नकोस. शाळेला पुढचा आठवडा सुट्टी आहे असं मामी म्हणाली, त्या आठवड्यातच बघ.

तो बघितल्याशिवाय व्हॅन काढायची नाही. माझ्यावर हवा तेवढा रागव, पण काढू नकोस. त्या व्हॅनमध्ये मुलं असतात आणि पुढे तू असतोस, आणि मला तुम्ही सगळे हवे आहात.

तुझी
कात्री


ता. ३ मार्च

चि. पोरीस मामीचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. टेबलाचंसुद्धा लिहायचं राहूनच गेलं. आज लिहायला हवं.

काल आम्ही दोघं तुझा व्हिडिओ बघायला बसलो. पहिल्याच तुकड्यात एक सायकलवाला आला आणि बस त्याच्यावर गेली. मी ओरडले. यांनी विचारलं, काय झालं. पुढच्या तुकड्यात एक पिशवीवाली बाई हात हलवत थांब्यावरच राहिली. मी पुन्हा ओरडले. हे म्हणाले की पोरीने रिकाम्या रस्त्याचे तुकडे जोडलेत आणि उगाच धाडधाड आवाज घातलेत. मला वाटलं चेष्टा करतायत. लग्न झाल्यापासून करतच आलेत.

मी सायकलीच्या तुकड्यावर परत जाऊन चित्र थांबवलं आणि काय काय दिसतं ते सांगा म्हटलं. रस्ता सांगितला, दिवा सांगितला, उजवीकडच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. मी म्हटलं, आणि सायकल? त्यांनी विचारलं, कुठली सायकल? मी पडद्यावर सायकलीवर बोट ठेवलं. तर हे माझं बोट शोधायला लागले, पोरी. माझा हात कोपरापर्यंत दिसत होता त्यांना, पुढे नाही. मग मान पूर्ण वळवली आणि स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी सायकलीवर ठेवलं.

बाकीचे सगळे तुकडे त्यांनी मान वळवून पाहिले. एक चुकवला नाही. संपल्यावर उठले, व्हॅनची किल्ली आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, मागितली तरी देऊ नकोस. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला खोटं कशाला सांगू.

रात्री जेवताना मी त्यांचं ताट नुसतं फिरवलं, डावीकडचं उजवीकडे. राहिलेली कोशिंबीर खाल्ली आणि छान झालीय म्हणाले. महिनाभर मी त्या कोशिंबिरीत मीठ कमीजास्त करत होते.

उद्या इस्पितळात नेते. तू आमच्यासाठी जागलीस, आता थोडं झोप. जीव लावतेस तसाच लावत राहा.

मामी


ता. २८ मार्च

चि. कात्रीबाईस मामाचे अनेक, आणि या वेळी जरा जास्त, आशीर्वाद.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी अंधाऱ्या खोलीत एका वाटीसारख्या यंत्रात डोकं ठेवायला लावलं. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी प्रामाणिकपणे दाबत होतो. संपल्यावर त्यांनी कागद दाखवला. अर्धा पांढरा, अर्धा काळा. डोळे ठणठणीत आहेत म्हणाल्या, दुकानदार बरोबरच होता. बिघाड मागे आहे, मेंदूत. केव्हातरी रक्ताची बारीकशी गुठळी अडकून गेली, त्या वेळी दुखलंसुद्धा नाही, आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू घेऊन गेली. मी विचारलं, मग मला कळलं कसं नाही? त्या म्हणाल्या, तिथे अंधार दिसला असता तर कळलं असतं. तिथे काहीच दिसत नाही, म्हणून काही चुकतंय असं वाटत नाही. गोळ्या चालू आहेत. परत येईल की नाही ते सांगता येत नाही. गाडी चालवायची नाही हे मात्र सांगता येतं.

आरसा मीच मोडला होता. शाळेच्या फाटकाच्या खांबावर व्हॅनचा रंग लागलाय, जाऊन पाहून आलो. मग मामीला बरोबर घेऊन मुलांच्या घरोघरी गेलो आणि तुझा तुकड्यांचा व्हिडिओ फोनवर दाखवला. बहुतेकांनी बसवून पाणी दिलं. ज्यांनी फाटकात हात मिळवला होता, ते वडील व्हिडिओ संपेपर्यंत उभे राहिले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांचं काहीच चुकलं नाही. एकाही मुलाला काही झालं नाही, हे मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला सांगतो. 

तो तुकड्यांचा व्हिडिओ आता सगळ्यांसाठी चढव. एकही धडक कापू नकोस. खाली लिही की ज्यांना सगळं स्वच्छ दिसतंय त्यांनी आधी तपासून घ्यावं. खेळ मी सोडलेला नाही. तिथे सायकलवाला उठून पुन्हा चालायला लागतो. मामी डावीकडे खुर्ची टाकून बसते आणि कोण येतंय ते सांगते. नको तेवढं सांगते. सायकल आली, बाई आली, आणि त्या बाईने पिशवी कसली घेतलीय तेही. लोकांना तीच जास्त आवडणार, हे मी लिहून देतो.

आज शाळेच्या व्हॅनवर नवीन ड्रायव्हर आली. तरुण मुलगी आहे, आरसे आधी नीट लावून घेतले, मला बरं वाटलं. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. मुलं चढली, व्हॅन निघाली आणि डावीकडे वळली. मान वळवायची सवय मला अजून लागलेली नाही, त्यामुळे कोपरा यायच्या कितीतरी आधीच ती नाहीशी झाली. मी म्हटलं, गेली. मामी म्हणाली, अजून इथेच आहे, मुलं मागच्या काचेतून तुम्हाला हात करतायत. मग मीही हात केला, ती सांगत होती त्या दिशेला, ती थांबा म्हणेपर्यंत.

तुझा
मामा