फोनवर वाजवलेला पांगारा

पेण, ८ फेब्रुवारी १९९८

चि. पुंडलिकास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं सामान पावणेसहाशेत बसलं असं लिहिलंस. भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दीडशे, नळी पस्तीस, पातळ रेझिन तीनशे नव्वद. कुकर घरचा म्हणून फुकट. अरे, रेझिन गेलेल्या कुकरात पुन्हा भात शिजत नाही. तुझ्या आईला, हौसाला, नवा घ्यावा लागणार, तो सव्वाचारशेचा. म्हणजे पुरे हजार झाले, आणि तिचं बोलणं वेगळं.

काम मात्र मिळवलंय. इथल्या गणपतीच्या कारखान्यातला महिपती दिवसभर ओल्या शाडूत कोरणी चालवतो. सागाची मूठ त्याला जड होते. पांगारा हलका, पण मऊ आणि पाणी पिणारा. मी म्हटलं, माझा भाचा बंद कुकरात कॉम्प्रेसरने पांगाऱ्यातली हवा ओढून आत रेझिन मुरवतो, भट्टीत कडक करतो आणि मग लेथवर कातून देतो. चाळीस मुठी सांगितल्यात. टिकल्या तर दरसाल सगळ्या कारखान्याच्या तुझ्याकडे.

लाकूड वजन करून बघू का, हे आता पुन्हा विचारू नकोस. परवा तू एस.टी.डी. बूथमधून रिसिव्हरपाशी ठोकळा वाजवलास आणि मी इथून सांगितलं ना, खडखडीत वाळलाय म्हणून? चाळीस वर्षं कातकाम करतोय. ओलं लाकूड मला भिंतीपलीकडून कळतं. असा कान अख्ख्या पेणमध्ये दुसरा नाही.

तुझी कंपनी बंद पडली तरी हातावर हात ठेवून बसला नाहीस, बरं वाटलं. लाकूड कोरडं असू दे, मामावरची माया ओली.

तुझा मामा
दिनानाथ


रोहा, ३ मार्च १९९८

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मुठी परत आल्या. कान्हू कंडक्टरने पिशवी दिली, आत महिपतीकाकांची चिठ्ठी होती. शाडूच्या पाण्यात दोन दिवसांत फुगल्या, चार तर उकलल्या. मी एक मधोमध कापली. बाहेरून नखभर कडक, आत तसाच मऊ पांगारा.

रेझिनमध्ये ठोकळे बुडवून हवा ओढताना बुडबुडे थांबेचनात, तेव्हा आई म्हणाली होती, "पुंडलिका, आत पाणी हाय. मामाला इचार." मी तिला म्हटलं, मामांनी ऐकलंय, आता विचारायचं काय.

उरलेला एक ठोकळा गल्लीतल्या बेकरीची भट्टी विझल्यावर तिच्या उबेत ठेवला. एकशे दहा ग्रॅमचा तिसऱ्या दिवशी ब्याऐंशी झाला आणि तिथेच थांबला. म्हणजे सगळेच ओले होते, म्हणून रेझिन आत मुरलंच नाही. तुमचा कान चुकायचा नाही, मामा. मीच बूथमध्ये नीट वाजवला नसेन. तुमचा शब्द खाली पडला, माफ करा.

होळी झाली की वापीला जातो. शेजारचा काळुराम तिथे कंपनीत लावून देतोय. लेथला तेल लावून वर गोणपाट घातलंय. नवा कुकर आईने खोक्यातून काढलेलाच नाही. एकटीपुरता भात टोपात व्हतो, म्हणते.

रागावलात तरी आशीर्वाद असू द्यावा.

आपला
पुंडलिक


पेण, ७ मार्च १९९८

चि. पुंडलिकास आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही. चपला घातल्या आणि महिपतीकडे गेलो. पोराची चूक नाही, माझी आहे, असं म्हणून त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने कोरणी खाली ठेवली. हात पुसत म्हणाला, "दिनूशेट, पोरगा तुमच्या शब्दावर चालला व्हय? मग आता त्याला वजनाच्या काट्यावर चालू द्या."

पाडव्यापर्यंत पाच मुठी मागतोय. टिकल्या तर चाळीस. टिकतील की नाही, ते या वेळी मी सांगणार नाही.

वापीला जायचं की नाही ते तूच ठरव, पण पाच मुठी करून मग ठरव. ठोकळे उबेत ठेव, रोज वजन मांड. तीन दिवस एकच आकडा आला की मगच कॉम्प्रेसर लाव. आईने काही म्हटलं तर आधी तिचं ऐक.

पुढची ओळ वाचूनही लोभ उरला तर ठेव. तू बूथमधून ठोकळा वाजवलास, तो मला ऐकूच आला नव्हता.

दिनानाथ