तीस दिवस कोणीही लॉगिन करू नये

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, पदवीधर (घरातली पहिली), आज पूर्ण शुद्धीत, अंगात ताप नसताना आणि दादा शेजारी बसून "वेडी झालीस का" असं विचारत असतानाही स्वखुशीने लिहून ठेवते की, मी ठणठणीत आहे. जाणार आहे ते माझं समाजमाध्यमावरचं सात वर्षांचं खातं. त्याच्या मागे उरेल त्याची व्यवस्था अशी व्हावी.

कलम १. फोटो, एक हजार दोनशे आठ. सगळे उतरवून घेतले आहेत. पदवीदानाचा आईला, कागदावर छापून. नात्यातल्या लग्नांतले दादाला. कॉलेजच्या जिन्यावरचा माझा एकटीचा मला. त्यात मी छान दिसते, आणि हे ठरवायला मला कोणाची पसंती लागत नाही.

कलम २. मित्रयादीतले सहाशे बारा जण. ज्यांच्याकडे माझा फोन नंबर आहे ते माझे. बाकीच्यांना मोकळं करते. माझा वाढदिवस विसरलात तरी राग नाही.

कलम ३. नोकरीच्या परीक्षेच्या क्लासवाले सर. मी पास झाले त्याच आठवड्यात सर कॅमेरा घेऊन आईच्या कामावर गेले. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. चादरींच्या ढिगाशेजारी तिला उभी करून, वर रडकं संगीत घालून, "लोकांच्या मळक्या चादरी धुणारी गरीब माउली" असा व्हिडिओ त्यांनी बनवला आणि मला म्हणाले, "तुझ्याच खात्यावर टाक, खरं वाटतं." मी टाकला. ही चूक माझी. ती कोणाच्याही नावावर करत नाही. माझा आणि आईचा चेहरा वापरायला सरांना दिलेली परवानगी मात्र मी लेखी कळवून रद्द केली आहे. "अगं, लोकांना प्रेरणा मिळते!" असं त्यांचं उत्तर आलं. मग सरांनी स्वतःच्या आईला उभं करावं.

कलम ४. दादा वायरमन आहे, बिघाड असेल तेवढाच भाग बदलतो. तो म्हणतो, "नुसता तो व्हिडिओ काढून टाक ना! अख्खं घर कशाला पाडतेस?" दादा, हे खातं चालवणाऱ्या कंपनीकडे माझ्याबद्दल काय काय आहे ते मी मागवलं. अकराशे पानं आली. त्यात जाहिरातदारांसाठी माझ्या नावापुढे लिहिलंय: अल्प उत्पन्न, तातडीचं कर्ज, गोरं करणारी क्रीम. यातलं मी कधी काही शोधलं नव्हतं. मला न विचारता मी कोण ते ठरवणाऱ्यांच्या घरात मला एक खोलीसुद्धा नको. ही सगळी पानं पुसून टाकावीत असा अर्ज वेगळा दिला आहे आणि त्याची पोच फाइलला लावली आहे.

कलम ५, सर्वांत महत्त्वाचं. खातं बंद करायचा अर्ज केल्यावर तीस दिवसांत कोणी लॉगिन केलं, तर अर्ज रद्द होतो. आमच्या घरात पासवर्ड सगळ्यांना पाठ. मागच्या वेळी सव्विसाव्या दिवशी खातं पुन्हा जिवंत झालं. मी दादावर ओरडले. निघाली आई. व्हिडिओखाली "बिचारी" लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती डब्याच्या सुट्टीत उत्तर देत होती: "नमस्कार. मी बिचारी नाही. धन्यवाद." माझ्या त्या पहिल्या अर्जाआधी एकशे चाळीस लिहून झाली होती. उरलेली पुरी करायला तिने खातं उघडलं.

"माझी उत्तरंपण जाणार का गं?"

"जाणार, आई."

"मग त्यांना कळणार कसं?"

"नाही कळणार."

तिने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "पासवर्ड बदल बाई. मला राहवायचं नाही."

मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही. आईला बाहेर ठेवून मला सुटका नको. आजपासून तीस दिवस तिचा शब्द हेच कुलूप.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि सही केली.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ जून, अर्जाचा पहिला दिवस

सही: मुलगी

साक्षीदार १: दादा. (ऐकलं. वेडीच आहे. सही करतोय.)

साक्षीदार २: आई. मी उघडणार नाही. पण तिकडचं माझं जाणार म्हणून इथे लिहिते. मी धुलाई विभागाची प्रमुख आहे. सहा मशीन, अकरा माणसं, चोवीस वर्षं. त्या दिवशी मी थकलेली नव्हते. सरांनी मला तसं दिसायला सांगितलं होतं.