मागचं दार

प्रिय भुंग्या,

पाकीट बघून आधी घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. दादा पूर्वीसारखाच घोरतो आणि वहिनी पूर्वीसारखीच त्याला त्यावरून बोलते. फोनवर तू "मी बरी आहे, तुम्ही कसे आहात" एवढं म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा उद्योग. पत्र अर्धवट टाकून उठशील, पण परत उचलशील हे मला माहीत आहे. अर्धं वाचलेलं पान तुझ्याच्यानं आजवर कधी सोडवलंय?

तर बातमी अशी की पाचवं पुस्तक अडलंय. आपल्या पुस्तकांतल्या पाच भावंडांपैकी चौघांना आपण दोघींनी मरता मरता वाचवलं आणि चौघांची लग्नं लावून दिली. आता उरलीये ती धाकटी. प्रकाशक दर आठवड्याला फोन करून गोड बोलतो, आणि तो गोड बोलायला लागला की मी फोन दादाच्या हातात देते. खून कसा झाला ते मला ठाऊक आहे. कुणी केला तेही ठाऊक आहे. अडलंय ते तुझ्या वाट्याचं. आपली वाटणी किती सोपी होती बघ, मी माणसं मारायची आणि तू त्यांना प्रेमात पाडायचं. एक प्रकरण माझं, एक तुझं. पानं जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवायची आणि पुढं काय होणार ते एकमेकींना सांगायचं नाही. मी तुझ्या लाडक्याला तळघरात कोंडून वर कुलूप घालायची, आणि तू दुसऱ्या दिवशी त्या कुलपाची किल्ली नेमकी त्याच्यावर रुसलेल्या मुलीच्या हातात द्यायचीस. मला इतका राग यायचा! आणि पान उलटायचा धीरही निघायचा नाही.

आता दोन्ही प्रकरणं मीच लिहिते. डोंबलाचं प्रेम जमतंय मला. परवा मागणी घालण्याचा प्रसंग लिहिला, आईला वाचायला दिला. तिनं चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाली, "हा हिला मागणी घालतोय की हिची झडती घेतोय?" वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पुन्हा वाचलं तर खरंच गं, माझा नायक खोलीत शिरल्यावर आधी खिडक्यांच्या कड्या तपासतो आणि मग तिच्याकडे बघतो. तू असतीस तर त्यानं आधी तिच्याकडे बघितलं असतं, आणि कड्या तपासायचं विसरून गेला असता, आणि मला माझ्या खुनी माणसाला आत आणायला आयतीच वाट मिळाली असती.

टेबल तेच आहे. दादाला ज्या खुर्चीला बांधलं होतं ती खुर्चीही आहे. आठवतं का, पुस्तकासाठी सुटायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं, आणि दूध उतू गेलं म्हणून आपण दोघी धावलो आणि त्याला विसरलोच. तो खुर्चीसकट उड्या मारत स्वयंपाकघरात आला, आणि नेमका तेव्हाच मागच्या दारातून बोटवाला आत आला. पहिल्यांदाच येत होता बिचारा. दुसऱ्या पुस्तकात बोटीवरचा पाठलाग होता आणि आपल्याला बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून दादानं बंदरातल्या टगवरचा, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवरचा, एक मित्र बोलावला होता. पुढचं दार सापडलं नाही म्हणून तो मागून आला. बांधलेला दादा बघून त्यानं काही विचारलं नाही, शांतपणे गाठ सोडली आणि म्हणाला, "ही गाठ चुकीची आहे, खलाशी अशी बांधत नाहीत." मग त्यानं तुझं प्रकरण वाचलं आणि सांगितलं की एवढ्या वाऱ्यात डेकवर कुणी कुणाचं चुंबन घेऊ शकत नाही, दोघंही पाण्यात पडतील. तू कानापर्यंत लाल झालीस. त्या दिवसापासून तुझ्या प्रकरणांत वारा कमी झाला, आणि आईनं तिसऱ्या पानावर खुनी ओळखावा तसं मला तुम्हा दोघांचं सगळं ओळखून सांगितलं.

तिसऱ्या पुस्तकावरून आपण किती भांडलो. पाच भावंडांतल्या मधलीचा होणारा नवरा डोंगरात बेपत्ता होतो, आणि मला तो मेलेला हवा होता. तू हटूनच बसलीस. ज्याचं प्रेत सापडलं नाही तो मेला नाही, आपल्या पुस्तकांचा हा नियम, असं तूच ठणकावलंस. मी म्हटलं, भुंग्या, हे फसवणं झालं. तू म्हणालीस, वाचणाऱ्या बाया दिवसभर राबून पुस्तक उघडतात, त्यांना एक तरी माणूस परत आणून दे. आणलास तू तो परत. ते प्रकरण वाचून बोटवाला डोळे पुसत होता आणि कांद्याला नावं ठेवत होता. कांदा टोपलीत होता, चिरलेला नव्हता.

मग एकदा त्याची टग गेली ती परत आली नाही. बाकीच्यांची प्रेतं सापडली, त्याचं तेवढं सापडलं नाही. दुसऱ्या कुठल्या बाईनं कधीतरी स्वतःच्या मनाची समजूत घातली असती. पण तुझ्या हाताशी तू स्वतःच केलेला नियम होता. लोकांना वाटतं तुला दुःखानं वेड लागलंय. मला तसं वाटलं नाही, कारण ते पुस्तक माझ्यासमोर या टेबलावर लिहिलं गेलं.

मागच्या वेळी तुझ्याकडे येऊन गेले ते मनातून जात नाही. धक्क्यासमोरची ती खोली, खिडकीकडे तोंड केलेली एकुलती एक खुर्ची, खुंटीला त्याचा रेनकोट. तिकिटाच्या खिडकीत बसून तू सुटे पैसे देतेस आणि बोट लागली की उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघतेस. मला बघूनही तुझा चेहरा आधी पडला आणि मग तू हसलीस. राग नाही गं आला.

आता दाराची गंमत ऐक. मागचं दार ओल धरून फुगलंय, लाथ मारल्याशिवाय लागत नाही. दादानं ते कायमचं बंद करायला सुताराला बोलावलं. सुतार माप घ्यायला लागला तर आई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, जावई याच दारानं यायचे आहेत, माझ्या धाकटीनं तसं लिहून ठेवलंय. सुतारानं चहा घेतला आणि मुकाट गेला. दादा एक शब्द बोलला नाही. मीच संध्याकाळी तिला धरलं, की अगं, आता तूसुद्धा? ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तो येतो का नाही ते मला काय ठाऊक. बोटवाल्याचं नाव काढलं की दादा गप्प बसतो, म्हणून काढलं. दार मी माझ्या पोरीसाठी ठेवलंय. ती पुढच्या दारानं कधी आलीये का?"

हे पत्र त्यासाठी आहे, भुंग्या. पुस्तक गेलं खड्ड्यात. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, तो येईल असं मला वाटत नाही. पण वाट बघणं सोड असं मी सांगणार नाही, माझी तेवढी छातीही नाही. मी एवढंच म्हणते की इथं येऊन बघ. तुझी हरवलेली माणसं धक्क्यावर कधी परतली गं? तिसऱ्या पुस्तकातला तो डोंगरातून सुटला आणि सरळ आपल्या पाच भावंडांच्या स्वयंपाकघरात आला, मागच्या दारानं, पायाला चिखल घेऊन. बोटवाल्यानं ते वाचलंय. तो आलाच तर त्याला कुठं जायचं ते माहीत आहे, आणि तू तिकडे खिडकीत बसलेली असशील. बंदराच्या ऑफिसात आपला पत्ता देऊन ये, रेनकोट घेऊन ये. इथं आपण पाच जणं मिळून वाट बघू. मला तुझी फार आठवण येते. मिठाच्या बरणीखाली माझं शेवटचं प्रकरण ठेवलंय, धाकटीला मी कोंडून ठेवलंय आणि मला तिला बाहेर काढता येत नाहीये. येशील तेव्हा दार जरा खांद्यानं ढकल. कडी लावलेली नसते.

वाट बघणारी, तुझीच
ताई