व्याह्यांचं हिरवं मशीन

प्रिय ठमे,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी जरा भांडून घेतो. भिंगरीचं चित्र शाळेच्या प्रदर्शनात लागणार, म्हणून ते फ्रेम करायला तू माझ्याकडे पाठवलंस. बाबांसारखी फ्रेम कुणाला जमत नाही, असंही लिहिलंस. इथपर्यंत मी खूश होतो. गुंडाळी उलगडून पाहतो तर चित्रात तुझे सासरे! तेच गोल पोट, नाकाच्या शेंड्यावर तोच चष्मा, आणि शेजारी फ्रेमच्या पट्ट्या तासायचं त्यांचं ते नवं हिरवं ट्रिमर. खाली मोठ्या अक्षरात ‘माझे आजोबा’. मग मी कोण, पोस्टमन?

तुझ्या आईला हसू आवरेना. म्हणाली, पोरीने रोज जे पाहिलं ते काढलं, तुम्ही तिला पाहुण्यासारखे भेटता. वर, व्याह्यांनी तुमच्या बैठकीच्या खोलीसाठी केलेल्या फ्रेमचं कौतुक. कोपरा कुठे संपतो ते कळतच नाही म्हणे! माझ्या भुशात आणि काचांत जन्म काढला हिने, मला कधी असं म्हणाली नाही. तुझ्या लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा हेच मोजणीखात्यातले गृहस्थ माझ्या ट्रिमरकडे पाहून विचारत होते, छपाईचं यंत्र का हो हे? मीच समजावलं. करवतीने कापलेल्या पट्टीचं तोंड खरखरीत असतं. ते इथे टेकवायचं, दांडा ओढायचा, की पातं कांद्याच्या सालीइतकं पातळ लाकूड तासून काढतं. मग दोन तिरपी तोंडं एकमेकांना मिठी मारतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच छंद लावून घेतला, आणि आता मलाच फोनवर सांगतात, व्याहीबुवा, जुनं मोडीत काढा, नवं घ्या, लोण्यासारखं चालतं.

मोडीत! ज्या ट्रिमरवर तू कविता शिकलीस! शाळेतून आलीस की स्टुलावर चढून बसायचीस. मी दांडा ओढायचा आणि त्या ठेक्यावर तू भुजंगप्रयात म्हणायचीस. चरण संपला की लाकडाची साल खाली. शब्द अडखळला की माझा दांडा अर्ध्यात थांबायचा. कोपऱ्यातली फट म्हणजे यतिभंग, हे तुला तेव्हाच पाठ होतं. तुझ्या गुरुजींनी शिकवलेल्या निम्म्या कविता मला अजूनही दांडा हातात घेतल्याशिवाय आठवत नाहीत. हल्ली भिंगरी फोनवर कविता म्हणते, तेव्हा मागे त्या हिरव्या मशीनचा खटका ऐकू येतो. मी वाहवा करतो, पण छातीत काहीतरी तासलं जातं.

म्हणून ठरवलं, चित्र त्यांचं असलं तरी फ्रेम अशी करायची की व्याह्यांनी चष्मा पुसून पाहावं. माझ्या ट्रिमरला दोन पाती, त्यातल्या डाव्याला खाच पडली होती. दोन्ही पाती काढून धारवाल्याकडे नेली, कारण एकालाच धार लावली तर कोपऱ्याचा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर दाढीचे खुंट. दांड्याचा सांधा आवळला, तेल दिलं. माळ्यावरून ती सागाची पट्टी उतरवली, जी आजवर कुणाला द्यायला मन झालं नव्हतं.

पहिला कोपरा जुळवून उजेडात धरला. केसाएवढी फट. गिऱ्हाइकाला दिसलीही नसती, पण मला त्या फटीतून व्याही हसताना दिसले. आणखी एक साल काढली. ती बाजू आखूड झाली, म्हणून समोरची तासली. मग दुसरा कोपरा रुसला. त्याची समजूत काढेपर्यंत तिसरा. तुझी आई चहा ठेवून गेली, गार झाला म्हणून परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, अहो, लाकूड आहे ते, वैरी नव्हे. दुपार कलली तेव्हा चारही कोपरे असे बसले की नख फिरवलं तरी अडेना. तिला हाक मारली. तिने बोट फिरवलं आणि खरंच म्हणाली, कोपरा कुठे संपतो कळत नाही हो! मी हवेत. मग तिनेच चित्र उचलून फ्रेमवर ठेवलं.

चित्र चहूकडून बोटभर बाहेर.

ती हसली नाही, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समज. कात्री हाताशी होती. उजवीकडून जरा जास्त कापलं असतं तर हिरवं मशीन गेलं असतं, आणि उरला असता नुसता एक चष्मेवाला म्हातारा. तो मीही असू शकलो असतो. खरं सांगतो, कात्री उचललीही. तेव्हा कुठे नीट पाहिलं. मशीनच्या पलीकडे, अगदी कडेला, तिने एक स्टूल काढलंय. त्यावर एक मुलगी, पाय लोंबकळताहेत, तोंड उघडं. कविता म्हणतेय. ठमे, त्या घरात ते स्टूल तूच ठेवलंस ना?

चित्र जसंच्या तसं परत पाठवतो आहे. व्याह्यांना म्हणावं, तुमच्या मशीनवर तुम्हीच फ्रेम करा, आणि हे मी आदराने सांगितलंय असंही म्हणावं. माझी फ्रेम इथे रिकामी आहे. जन्मभर चित्रांना फ्रेमा केल्या, आता पहिल्यांदाच फ्रेमसाठी चित्र मागतोय. सोबत बरोबर मापाचा कोरा कागद ठेवला आहे, तो भिंगरीला दे. कुणाचं चित्र काढायचं ते सांगू नकोस. फक्त हिरवा खडू तेवढा लपवून ठेव. माझं मशीन काळं आहे.

आशीर्वाद तुम्हा सगळ्यांना. उरले तर व्याह्यांनाही.

तुझाच,
थोडा रुसलेला
बाबा